पाठीचा कणा बाजूला झुकतो तेव्हा

पोक काढून बसणाऱ्या मुलाला ‘ताठ बस’ असे बजावण्याची आपल्याकडे घरोघर रीत आहे. परंतु कण्याची एक विकृती अशी आहे की जिच्यापुढे या उपदेशाचे काही चालत नाही. तीत कणा पुढे वाकत नाही. तो बाजूला झुकतो आणि त्याच वेळी स्वतःभोवती पिळला जातो. वैद्यकात तिला स्कोलिओसिस म्हणतात. येथे आपण तिला पार्श्ववक्रता म्हणू. क्ष-किरण चित्रावर वक्रतेचा कोन मोजण्याची जी रीत आज रूढ आहे, ती जॉन कॉब या अमेरिकन शल्यवैद्याने 1948 साली मांडली. हा कोन 10 अंश वा अधिक भरला म्हणजे पार्श्ववक्रता आहे असे समजतात. वाढत्या वयातील मुलामुलींत शेकडा 2 ते 3 जणांत ती आढळते. बहुतेकांची वक्रता सौम्य राहते व तिला उपचार लागत नाहीत. परंतु जी वाढत जाते ती मुलांपेक्षा मुलींत कितीतरी अधिक.

या वयात दिसणाऱ्या बहुसंख्य वक्रतांचे मूळ कारण अद्याप उलगडलेले नाही. आनुवंशिकतेचा त्यात वाटा आहे. पण जड दप्तरामुळे किंवा वाकडे बसण्यामुळे ही विकृती उद्भवते, याला पुरावा नाही. म्हणून मुलीला किंवा तिच्या आईला दोष देणे अन्यायाचे आहे. दोषारोपाहून अधिक हानी करतात त्या दोन समजुती. ‘वयाबरोबर आपोआप नीट होईल’ ही पहिली आणि ‘व्यायामाने कोणताही कणा सरळ करता येतो’ ही दुसरी. पहिलीमुळे काहीच केले जात नाही, दुसरीमुळे भलतेच केले जाते. आणि दोहोंमुळे जो काळ वाया जातो तो परत मिळत नाही.

कारण या उपचारात काळ हाच मुख्य घटक आहे. उंची झपाट्याने वाढते त्या वर्षांत वक्रताही झपाट्याने वाढते. वाढ पूर्ण होताना कोन 30 अंशांच्या आत राहिला, तर पुढे तो सहसा वाढत नाही. तो 50 अंशांपलीकडे गेला, तर प्रौढपणीही हळूहळू वाढत राहण्याचा संभव असतो, आणि म्हणून त्या सुमारास शस्त्रक्रियेचा विचार केला जातो. तेव्हा शस्त्रक्रियेवाचून उपचार करणे म्हणजे वाढ पूर्ण होईपर्यंत कण्याला या मर्यादेच्या अलीकडे रोखून धरणे होय.

हे काम मुख्यतः ब्रेस करतो. ही कल्पना जुनी आहे. सोळाव्या शतकात फ्रान्समधील आंब्रुआज पारे याने लोखंडी पत्र्याची चिलखते वापरली होती. विसाव्या शतकात हनुवटीपर्यंत पोचणारा मिलवॉकी ब्रेस आला, आणि 1970 च्या दशकात कपड्यांखाली झाकला जाणारा प्लॅस्टिकचा बॉस्टन ब्रेस आला. तरीही ब्रेसने खरोखर लाभ होतो काय, हा वाद मिटला नव्हता. त्याचे उत्तर 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दिले. अमेरिका व कॅनडा येथील 25 केंद्रांत, 20 ते 40 अंश वक्रता असलेल्या 10 ते 15 वर्षांच्या 242 मुलांचे निष्कर्ष त्यात तपासले गेले. ब्रेस वापरणाऱ्यांपैकी शेकडा 72 जणांची वाढ 50 अंशांची मर्यादा न गाठता पूर्ण झाली. केवळ देखरेखीखाली असलेल्यांत हे प्रमाण शेकडा 48 होते. लाभ इतका स्पष्ट दिसला की प्रयोग मुदतीपूर्वीच थांबवण्यात आला.

या आकड्यांतील दुसरी बाजूही झाकून ठेवता कामा नये. ब्रेस न वापरताही जवळजवळ निम्म्या मुलांचे निभावले; आणि ब्रेस देऊनही चौथ्या हिश्श्याहून अधिक मुलांत यश आले नाही. मात्र ब्रेसमध्ये बसवलेल्या तापमान-मापकाने आणखी एक गोष्ट उघड केली. जे दिवसाकाठी सुमारे 13 तासांहून अधिक वेळ ब्रेस घालत, त्यांच्यात यशाचे प्रमाण शेकडा 90 च्या पुढे होते. जे 6 तासांपेक्षा कमी घालत, त्यांना तो न घातल्यासारखाच होता. कपाटात ठेवलेला ब्रेस कोणाचाही कणा सावरीत नाही.

व्यायामाची कथा अधिक हृद्य आहे. जर्मनीतील काटारीना श्रोत या स्वतः पार्श्ववक्रतेने पीडित होत्या आणि लहानपणी त्यांनी पोलादी ब्रेस सोसला होता. फुग्याच्या दबलेल्या भागात हवा भरली की तो वर येतो, हे पाहून त्यांनी छातीच्या दबलेल्या बाजूत श्वास नेण्याचे व्यायाम रचले, आणि 1921 साली माइसन येथे आपले उपचारगृह उघडले. अशा विशिष्ट व्यायामांचा सौम्य वक्रतेत उपयोग होतो, असे काही प्रयोग सुचवतात. इटलीत 110 मुलांवर झालेल्या एका प्रयोगात व्यायाम करणाऱ्यांचा कोन सरासरी सुमारे 5 अंशांनी घटला. परंतु कोन मोजताना होणारी चूकच जवळजवळ तेवढी असते. म्हणून माझे मत असे की, व्यायामाला ब्रेसचा सोबती मानावे, त्याचा पर्याय मानू नये. त्याने स्नायू बळावतात, श्वास मोकळा होतो, आणि आपल्या शरीरावर आपली सत्ता आहे असा विश्वास मुलीला मिळतो. हा लाभ लहान नव्हे. योगासनांविषयीही हेच म्हणता येईल. मात्र कणा सरळ करून देण्याची हमी देणाऱ्यापासून पालकांनी दूर राहावे.

शाळांत मुलांची तपासणी करावी काय, याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. तीमुळे निष्कारण भीती पसरते व नको तितकी क्ष-किरण चित्रे काढली जातात, हा आक्षेप खोटा नाही. अमेरिकेतील एका अधिकृत मंडळाने 2018 साली, तपासणीच्या बाजूने वा विरुद्ध पुरेसा पुरावा नाही, असेच म्हटले. तथापि आपल्या देशात, जेथे मुलीची पाठ ओढणीखाली झाकलेली राहते आणि विवाहाच्या चिंतेने तिचे व्यंग लपवले जाते, तेथे कोणी पाहिलेच नाही तर ब्रेसची वेळ टळून जाते. मुलीला पाय जुळवून पुढे वाकावयास सांगावे. पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा उंच दिसली, तर तिला वैद्याकडे पाठवावे. निदान करणे हे शिक्षकाचे काम नव्हे. काही वक्रता जन्मजात दोषामुळे वा मज्जातंतूंच्या रोगामुळे असतात, आणि त्यांचा उपचार निराळा असतो.

इतके करूनही काहींना शस्त्रक्रिया लागेल. तो त्यांचा वा त्यांच्या व्यायामाचा पराभव नव्हे. पण ज्या मुलीला ब्रेस मिळाला आहे, तिला उन्हाळ्यातील घाम आणि वर्गातील कुतूहलाच्या नजरा रोज सोसाव्या लागतात. तिचा ब्रेस तिने तेरा तास घालावा, असे वैद्य सांगू शकतो. तो तिला घालवेल असे घर आणि असा वर्ग निर्माण करणे, हे मात्र आपल्या सर्वांचे काम आहे.