घरच्या संगणकाला 'रेड' हवे की दुसरी प्रत?

भिवंडीतल्या निजामपुऱ्यात घरचा संगणक क्वचितच नुसता 'घरचा' असतो. यंत्रमागाच्या कारखान्याची बिले, टॅलीतला हिशेब, लग्नाच्या शूटिंगचे फुटेज, मुलांचे कॉलेजचे प्रोजेक्ट, मोबाइलमधून उतरवलेले फोटो असे सगळे एकाच डब्यात असते. हा डबा मंदावला की जाणकार सल्ला देतात, 'दोन हार्ड डिस्क टाका, रेड करा, पळायला लागेल.' सल्ला पूर्ण चुकीचा नाही. पण माझ्या मते घरासाठी तो बहुतेक वेळा अनावश्यक असतो, आणि एका प्रकारात तर धोक्याचाही.

'रेड' म्हणजे नेमके काय?

अनेक डिस्क एकत्र जोडून संगणकाला ती एकच डिस्क असल्यासारखी दाखवायची, ही 'रेड'ची कल्पना. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ मध्ये शोधनिबंधातून ती मांडली. एका महागड्या डिस्कऐवजी स्वस्त डिस्कचा गट वापरावा, हा मूळ विचार.

घरी तीन प्रकारांची चर्चा होते. 'रेड-०'मध्ये प्रत्येक फाइलचे तुकडे दोन डिस्कवर विभागले जातात. वेग वाढतो, पण एक डिस्क गेली की सगळेच जाते. 'रेड-१'मध्ये दोन्ही डिस्कवर तीच माहिती असते, म्हणून ४ टीबीच्या दोन डिस्क घेतल्या तरी जागा ४ टीबीच मिळते. 'रेड-५'ला किमान तीन डिस्क लागतात. ४ टीबीच्या तीन घेतल्यास ८ टीबी वापरता येते आणि एक बंद पडली तरी काम चालू राहते.

वेग खरा कशाने वाढतो?

हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते. मिनिटाला ७,२०० फेऱ्या म्हणजे एका फेरीला सुमारे ८.३ मिलिसेकंद. हवी ती माहिती वाचक टोकाखाली येईपर्यंत थांबावे लागते. विंडोज सुरू होताना हजारो लहान फाइल वाचल्या जातात, आणि ही वाट पाहणे 'रेड-०' कमी करत नाही. त्याचा फायदा दिसतो तो मुख्यतः मोठ्या, सलग फाइलमध्ये.

एसएसडीत फिरणारे काहीच नसते. चांगली हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १५० ते २५० एमबी वाचते. साटा एसएसडी ५५० एमबीच्या आसपास पोहोचते, तर एनव्हीएमई एसएसडी ३,५०० एमबी किंवा त्याहून पुढे. म्हणजे एक साधी एसएसडीसुद्धा दोन हार्ड डिस्कच्या 'रेड-०'ला मागे टाकते. म्हणून विंडोज, टॅली, एडिटिंगचे सॉफ्टवेअर आणि चालू काम एसएसडीवर ठेवावे. जुने फुटेज आणि फोटो हार्ड डिस्कवर चालतात.

तरीही 'रेड'साठी हार्ड डिस्क घ्यायचीच असेल, तर ती 'सीएमआर' आहे की 'एसएमआर' हे तपासा. एसएमआरमध्ये माहितीच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात. जागा वाचते, पण सतत लिहिताना वेग कोसळतो. काही डिस्क एसएमआर असल्याचे ग्राहकांना स्पष्ट सांगितले नव्हते, यावरून २०२० मध्ये जगभर ओरड झाली होती.

मग 'रेड-१' तरी सुरक्षित ना?

डिस्क बिघडण्यापुरते, हो. लाखो डिस्क वापरणाऱ्या बॅकब्लेझ या अमेरिकी कंपनीच्या अलीकडच्या आकडेवारीत वर्षाला साधारण दीड टक्का डिस्क निकामी होतात. हाच दर धरला तर दोन डिस्कच्या 'रेड-०'मध्ये धोका तीन टक्क्यांकडे जातो. 'रेड-१' हा धोका खूपच कमी करते.

पण माहिती फक्त डिस्क बिघडल्यानेच जात नाही. चुकून फोल्डर डिलीट केला तर तो दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जातो. रॅन्समवेअरने फाइल कुलूपबंद केल्या तर दोन्हीकडे होतात. विजेचा झटका बसला किंवा संगणक चोरीला गेला, तर एकाच डब्यातल्या दोन्ही डिस्क एकत्र जातात. पावसाळ्यात कामवारीच्या काठच्या सखल वस्तीत तळमजल्यावर पाणी शिरले तरी तेच.

याचा मोठा धडा आपल्या शेजारीच मिळाला आहे. जून २०१७ मध्ये 'नॉटपेट्या' या व्हायरसने जहाज कंपनी मेर्स्कची यंत्रणा जगभर बंद पाडली. न्हावाशेवा बंदरात याच समूहाच्या टर्मिनलचे कामही कोलमडले. कोणाला कोणत्या यंत्रणेत प्रवेश आहे, ही कळीची माहिती कंपनीने सुमारे दीडशे सर्व्हरवर ठेवली होती. ते सर्व्हर सतत एकमेकांशी जुळवले जात असल्याने सगळे एकदमच पुसले गेले. वाचला तो एकच, घाना देशातला. हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेल्याने तो नेटवर्कपासून तुटलेला होता. वाचवणारी प्रत ती, जी जोडलेली नसते.

निजामपुऱ्यातल्या छोट्या व्यावसायिकासाठी ही दूरची गोष्ट नाही. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपाव्या लागतात. वॉरंटीत नवी डिस्क मिळते, गेलेली बिले नाहीत.

मग काय करावे?

दुसऱ्या डिस्कचे पैसे 'रेड'वर नव्हे, प्रतीवर खर्च करा. '३-२-१' हा नियम सोपा आहे. माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. घरात याचा अर्थ असा: मूळ माहिती संगणकावर. दुसरी प्रत बाहेरच्या यूएसबी हार्ड डिस्कवर, आठवड्यातून एकदा घेऊन केबल काढून ठेवलेली. टॅलीचा डेटा आणि महत्त्वाची कागदपत्रे क्लाउडवर किंवा भावाच्या घरी ठेवलेल्या दुसऱ्या डिस्कवर.

सोबत एक साधा यूपीएस घ्या. लिहिण्याच्या मधेच वीज गेली तर फाइल खराब होतात, आणि 'रेड-५'चा हिशेब तर अर्धवट राहू शकतो. महिन्यातून एकदा त्या प्रतीतली एखादी फाइल उघडूनही पाहा. न तपासलेली प्रत म्हणजे नुसता भरवसा.

'रेड-१' किंवा 'रेड-५' कोणाला हवे? ज्याचे काम तासभरही थांबून चालत नाही त्याला. उदाहरणार्थ, रोज फुटेज कापून देणारा व्हिडीओ एडिटर. त्यानेही वेगळी प्रत ठेवायचीच. कारण 'रेड' काम थांबू देत नाही, पण गेलेले परत आणत नाही. बाकीच्यांनी एक एसएसडी, एक बाहेरची डिस्क आणि आठवड्यातली पंधरा मिनिटे, एवढे केले तरी पुरे.