‘सायकलींनी साम्राज्य हरवले’: एक अर्धसत्य

१/ दिएन बिएन फूच्या लढाईचा (१३ मार्च ते ७ मे १९५४) विषय निघाला की ‘सायकलींनी फ्रेंच साम्राज्य हरवले’ हे वाक्य हमखास येते. वाक्य आकर्षक आहे. परंतु माझ्या मते ते अर्धसत्य आहे आणि अन्यायकारकही.

२/ आधी त्यातील सत्य पाहू. व्हिएतनामच्या वायव्येकडील डोंगरांत, आपल्या तळांपासून शेकडो किलोमीटर दूर, व्हिएतमिन्ह मोठी फौज आणि तोफखाना फार काळ पोसू शकणार नाही, असे फ्रेंच सेनानींनी गृहीत धरले होते.

३/ हे गृहीतक निराधार नव्हते. समजा, एक मजूर कावडीतून २० किलो तांदूळ नेतो आणि रोज १ किलो खातो. जाऊन-येऊन २० दिवसांची वाट असेल, तर सगळे ओझे त्याच्याच पोटात जाते. त्याच वाटेवर सायकलीवरून २०० किलो नेणारा मात्र १८० किलो पोहोचवतो.

४/ या सायकलीवर कोणी बसत नसे. हँडलला आडवा बांबू बांधायचा, सीटच्या जागी उभा बांबू रोवायचा, सांगाडा बळकट करायचा आणि विमानांच्या भीतीने रात्री, बाजूने चालत ती ढकलायची. खरा कस उतारावर लागे. मा व्हान थांग या मजुराने एका खेपेत ३५२ किलो नेल्याची नोंद आहे. गंमत म्हणजे यांतील अनेक सायकली प्यूजो या फ्रेंच कंपनीच्याच होत्या.

५/ आता उरलेले अर्धे. मोहिमेत सुमारे ६०० ट्रकही होते. व्हिएतनामी नोंदींनुसार सायकली २० हजारांहून अधिक, तर नागरी मजूर अडीच लाखांहून अधिक. म्हणजे बहुसंख्य मजुरांच्या हाती सायकल नव्हतीच. त्यांत स्त्रियाही होत्या.

६/ यंत्राला नायक केले की माणूस दिसेनासा होतो. हे शेतकरी का आले? देशप्रेम होतेच, पण कर्तव्य म्हणून लादलेली श्रमसेवाही होती आणि डिसेंबर १९५३च्या जमीनसुधारणा कायद्याने जागवलेली जमिनीची आशाही.

७/ त्या सुधारणेत पुढे निरपराधांवरही अन्याय झाला. १९५६ मध्ये पक्षाने स्वतःच चुका मान्य केल्या. ज्यांच्या खांद्यांवर विजय उभा राहिला, त्यांच्या पदरात काय पडले? ‘सायकल जिंकली’ असे म्हटले की हा प्रश्न विचारायचाच राहून जातो.