'हबशी' म्हणताना जरा थांबा

कॉलेजच्या कट्ट्यावर सावळ्या रंगाचा, कुरळ्या केसांचा एखादा मित्र असतोच. त्याचं टोपणनावही ठरलेलं : हबशी. आपण हसतो, तोही हसतो. (त्याला खरंच हसू येतं का, हे कधी विचारलंय?)

मुळात हा शब्द टिंगलीचा नाहीच. पूर्व आफ्रिकेतल्या इथिओपियात डोंगराळ मुलखातले लोक आजही स्वतःला अभिमानानं 'हबेशा' म्हणवतात. आणि अभिमान का नसावा? सारा आफ्रिका खंड युरोपीय सत्ता वाटून घेत होत्या, तेव्हा १ मार्च १८९६ रोजी अडवाच्या लढाईत सम्राट मेनेलिक यांच्या फौजेनं इटलीला धूळ चारली. त्यांचं कॅलेंडरही त्यांचं स्वतःचं. वर्षाला तेरा महिने! आपण सकाळी सात म्हणतो, तेव्हा त्यांच्या घड्याळात एक वाजलेला असतो. दिवस मोजायचा तो सूर्य उगवल्यापासून.

लांबचं वाटतंय? मग बार्शीच्या पुढं परांड्याच्या किल्ल्यावर जाऊन या. १६०० मध्ये मुघलांनी अहमदनगर घेतलं. निजामशाही संपलीच असं वाटत असताना मलिक अंबरनं याच परांड्यात नवा निजामशहा गादीवर बसवला आणि पुढं पंचवीस वर्षं मुघलांना दमवलं. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्याच बाजूनं लढले. हा मलिक अंबर इथिओपियात जन्मला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला आणि हात बदलत बदलत दख्खनमध्ये पोचला. त्यानं वसवलेलं खडकी गाव म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. आपण ज्याला 'हबशी' म्हणून चिडवतो, त्याला तुम्ही एका अर्थानं या माणसाच्या रांगेत बसवताय. पण चिडवताना ते कुणाच्या डोक्यात असतं?

आता आपल्या ताटाकडं बघा. मोहोळच्या ज्वारी संशोधन केंद्राचं नाव राज्यभर झालं ते 'मालदांडी ३५-१' या वाणामुळं. स्थानिक मालदांडीतून निवडून काढलेलं हे वाण रब्बीत आजही शेतकरी पेरतात. आपल्याला वाटतं ज्वारी म्हणजे अस्सल सोलापुरी. पण माणसानं ज्वारी पहिल्यांदा पेरली ती आफ्रिकेत, इथिओपियाला लागून असलेल्या पूर्व सुदानच्या पट्ट्यात. तिथून ती साधारण चार हजार वर्षांपूर्वी आपल्याकडं आली. म्हणजे तुमच्या डब्यातली भाकरीही, बघायला गेलं तर, तिकडचीच पाहुणी!

इथिओपियात ज्वारीचा 'इंजेरा' करतात. टेफ नावाच्या बारीक धान्याचा जास्त नावाजलेला, पण ज्वारीचाही होतो. पीठ दोन-तीन दिवस आंबवायचं आणि मोठ्या तव्यावर ओतायचं, आपल्या आंबोळीसारखं. तो एकाच मोठ्या ताटात पसरतात, वर कालवणं वाढतात आणि सगळे भोवती बसून त्यातूनच जेवतात. जेवताना शेजारच्याला आपल्या हातानं घास भरवायची तिथं रीत आहे. त्याला ते 'गुर्शा' म्हणतात.