चेहऱ्याचा हक्क : नामांकितांचा कीं सर्वांचा?

आमच्या लहानपणीं जालन्याकडील गांवांत फौजदाराचें सोंग घेऊन बहुरूपी येत असे. तो दरडावी, लटकें वॉरंट दाखवी आणि शेवटीं हात पसरून बिदागी मागे. तें सोंग आहे हें उभयतांस ठाऊक असे. आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रानें जें सोंग आणलें जातें, त्याचा सारा डाव तें ओळखूं न येण्यावर असतो. या दोहोंस एकाच तागडींत घालून 'नकला पूर्वींपासून चालतच आल्या आहेत' असें सांगणारे विद्वान् भेटले, कीं त्यांच्या भोळेपणाचें नवल वाटतें.

न्यायालयें या बाबतींत झोंपलेलीं नाहींत. २०२४ सालीं गायक अरिजित सिंग यांच्या व २०२५ सालीं आशा भोसले यांच्या दाव्यांत, परवानगीवांचून यंत्राकरवीं त्यांचा आवाज उत्पन्न करण्यास मुंबई उच्च न्यायालयानें अंतरिम मनाई केली. हे हुकूम योग्यच आहेत. परंतु त्यांचा पाया पाहावा. कीर्ति आणि तिची बाजारांतील किंमत, यांवर हा हक्क उभा आहे. मग ज्याला कीर्ति नाहीं, त्याला चेहराही नाहीं काय?

२०२४ च्या जानेवारींत सचिन तेंडुलकर यांच्या तोंडीं एका खेळाच्या ॲपची जाहिरात घालणारी बनावट चित्रफीत निघाली. ती खोटी असल्याचें त्यांनीं स्वतः सांगितलें आणि देशानें ऐकलें. भोकरदनच्या एखाद्या शिक्षिकेच्या तोंडीं कोणी असेंच औषध विकूं लागला, तर तिचें कोण ऐकणार? अश्लीलता किंवा उघड फसवणूक असेल तर २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याखालीं फिर्याद देतां येते. पण केवळ 'माझा चेहरा वापरला' एवढ्यावर तिला उच्च न्यायालयाची पायरी चढणें परवडणारें नाहीं. २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा तर, मनुष्यानें आपण होऊन जी माहिती लोकांपुढें मांडली तिला लागूच होत नाहीं. म्हणजे लग्नाचें छायाचित्र चारचौघांस दाखविलें, कीं त्या कायद्याचें छत्र गेलें!

कोणी म्हणेल, असा हक्क सर्वांस दिला तर विडंबन व टीका यांचा गळा दाबला जाईल. ही भीति अगदींच निराधार नव्हे. राज्यकर्ते अशा हक्काची ढाल पुढें करतील. म्हणून विडंबनास मुभा असावी. मात्र तें विडंबन आहे ही खूण प्रथमदर्शनींच दिसावी. बहुरूप्याला ही अट कधींच जड गेली नाहीं.

डेन्मार्कच्या सरकारनें २०२५ सालीं प्रत्येक नागरिकास स्वतःचें शरीर, चेहरा व आवाज यांवर हक्क देण्याचा प्रस्ताव पुढें आणला. आमच्या संसदेनेंही, कीर्तीची अट न घालतां, तसा कायदा करावा आणि त्याची दाद जिल्हा न्यायालयांतच मिळावी.

सगळीं सोंगें आणतां येतात, पैशाचें सोंग आणतां येत नाहीं, अशी म्हण आहे. आज दुसऱ्याचें सोंग आणून पैसा करतां येतो. बहुरूपी निदान स्वतःच्याच तोंडाला रंग फाशीत असे.