तेल मागीर, पयलीं उदक

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि नेहमीप्रमाणे परवानेवाल्यांना बंदुका जमा करायचे निरोप गेले. सत्तरीतला माझा चुलतभाऊ थोरल्या काकांची ठासणीची बंदूक भिंतीवरून उतरवून गोणपाटात गुंडाळत होता. मी सहज विचारलं, "रिकामी आहे ना रे?"

"काका गेल्यापासून कोणी हातसुद्धा लावला नाही," तो म्हणाला.

हे काही माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हे! गज आत सोडला, तर तळाला टेकायच्या आधीच चार बोटं अडला. बंदूक भरलेली होती. काकांना जाऊन सहा वर्षं झाली. सहा वर्षं त्याच खोलीत चवथीची माटोळी बांधली गेली, पोरं खेळली, आणि भिंतीवर हा बार तसाच टांगलेला.

शेजारच्या वाड्यावरच्या एका जुन्या परवानेवाल्याला बोलावून आणलं. त्याने निपलमधून आणि तोंडाकडून पाणी सोडून आधी दारू चांगली भिजू दिली. मग गजाच्या टोकाला मळसूत्री आकडा लावून वरची चिंधी ओढली, छर्रे ओतून काढले, आणि शेवटी दारूचा काळा चिखल. तो आकडा माझ्या डब्यातला होता.

डब्याचं सांगायला हवं. वाटणीत बंदूक भावाकडे गेली, परवानाही रीतसर त्याच्या नावावर झाला. बंदुकीबरोबरचा बिस्किटांचा पत्र्याचा जुना डबा मात्र कोणालाच नको होता, म्हणून तो माझ्याकडे आला. मी बी.ए.ला इतिहास घेतलेला आणि आता कचेरीत फायली हलवणारा माणूस, बंदूक कधी उडवलेली नाही. पण माझं ठाम मत झालंय, की त्या दोन वस्तूंची ताटातूट करून आम्ही चूक केली.

काय आहे त्या डब्यात? निपल काढायची आडव्या मुठीची चावी. निपलचं भोक मोकळं करायची तार. एक जादा निपल. गजाच्या टोकाला लावायचे दोन आकडे आणि एक खरवडणी. खाच बघून कानशीने घासून बसवलेले दोन पेचकस. (बाजारचा पेचकस चालत नाही का? चालतो, पण स्क्रूची खाच खातो, आणि त्या मापाचा स्क्रू पुन्हा मिळत नाही.) जुन्या धोतराच्या चौकोनी चिंध्या आणि मेणाचा गोळा. बस्स. यातली प्रत्येक वस्तू एकेका प्रश्नाचं उत्तर आहे. निपलचंच घ्या. तांब्याची टोपी, जिला काका केप म्हणत, ती याच्यावर बसते आणि घोडा पडला की ठिणगी याच्या भोकातून दारूपर्यंत जाते. वापराने ते भोक मोठं होत जातं. मग बाराचा धूर आणि धग उलटी डोळ्यांकडे येते. जादा निपल असतं ते त्यासाठी, हौसेखातर नव्हे.

आणि सर्वात महत्त्वाची वस्तू डब्यात नसते. ती न्हाणीघरातल्या भाणात असते, कढत पाणी! काका बार काढून आले की आधी भाणाकडे जात. आम्हा पोरांना ओशट चिंधी फिरवायची घाई, आणि ते ओरडत, "तेल मागीर, पयलीं उदक!" लोखंडाला पाणी लावायचं हे ऐकून आजही माणसं दचकतात. पण काळ्या दारूचा बार झाल्यावर नळीत जे राहतं ते बहुतांशी क्षार. ते हवेतली ओल ओढतात आणि लोखंड खातात. पाण्यात ते विरघळतात, तेलात नाही. तेल आधी लावलं तर ती घाण तेलाखाली सुरक्षित बसते आणि आमच्या चार महिन्यांच्या पावसात निवांत नळी पोखरते. म्हणून आधी कढत पाणी, थोडा साबण, चिंधी पांढरी निघेपर्यंत गज, मग पूर्ण कोरडी करणं, आणि मग तेलाचा हात. काका खोबरेल लावत. मी शिलाई मशीनचं तेल सुचवीन, खोबरेल जुनं झालं की चिकट होतं. मात्र पुढच्या बाराआधी नळीतलं तेल पुसायलाच हवं.

ही नळी साफ ठेवायची कटकट साधी समजू नका. आमच्या बंदुका आतून गुळगुळीत नळीच्या, आट्यांची रायफल नव्हे. रायफलीत गोळी आट्यांत घट्ट बसवायची, आणि दोन-चार बारांत ते आटे काजळीने बुजतात. १८५७ च्या एन्फिल्ड रायफलीच्या काडतुसाला ती कुप्रसिद्ध चरबी होती ती याचसाठी: गोळी सहज सरकावी, काजळी मऊ राहावी. बी.ए.ला आम्ही चरबी कुठल्या प्राण्याची यावर पानं भरली. चरबी मुळात हवीच कशाला, हे एकाही पुस्तकात वाचल्याचं आठवत नाही.

आता माझी तक्रार. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या तेराव्या कलमात पीकसंरक्षणासाठीच्या ठासणीच्या बंदुकीचा मुद्दाम उल्लेख आहे. म्हणजे ही शेतकऱ्याची वस्तू, हे कायद्यालाच मान्य. १९९१ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव कायद्याखालचे शिकारीचे परवानेही गेले. तेव्हा कुळागराच्या कडेला मोकळा बार काढून रानडुकरं पळवणं, एवढंच तिचं काम उरलं. ते काम करणारा म्हातारा गेला, की परवाना मुलाच्या नावावर चढतो. कागद चोख होतात (कागद चोख होण्याचं कौतुक मला नको सांगायला, ती माझी रोजीरोटी आहे). नळीवरचा नंबर ताडून पाहिला जातो. गज आत घालून कोणी बघतं का? मुलाला निपल म्हणजे काय ते ठाऊक आहे का, हे कोणी विचारतं का? २०१६ च्या शस्त्र नियमांत प्रशिक्षणाची तरतूद आहे. त्यात वारशाने ठासणीची बंदूक मिळालेल्यांसाठी अर्धा दिवस ठेवा, आणि वाड्यावरचा एखादा जुना परवानेवालाच शिकवायला बसवा. आधुनिक काडतुसातली दारू हिच्यात कधीही भरायची नाही, ती नळी फाडते, एवढं एक वाक्य जरी पोचलं तरी कोणाचा तरी हात वाचेल.

काहीजण म्हणतील, बंदुका सरळ जमा करून टाका, कटकट नको. ज्याला वापरायची नाही त्याने जरूर जमा करावी, माझी हरकत नाही. पण ठेवायची आणि शिकायचं नाही, हे मला पटत नाही. शोभेची म्हणून टांगलेली बंदूक शोभेचीच आहे की भरलेली, हे भिंतीकडे बघून कळत नाही.

जूनमध्ये बंदूक परत आली. पावसाला सुरुवात झाली होती, निपलभोवती तांबूस बुरा दिसत होता. भाऊ कपाटातून तेलाची बाटली घेऊन आला. मी डबा उघडून चावी त्याच्या हातात दिली आणि वहिनीला भाण तापवायला सांगितलं.