काळी माती आणि कसोटी

मेडशीच्या शिवारातील पिके निघून गेली आणि चैत्राचे ऊन तापू लागले की काळ्या रानाला भेगा पडतात. ही माती पाणी पिऊन फुगते, उन्हात आकसते आणि आकसताना फाटते, हे वऱ्हाडातील शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. याच जातीच्या मातीच्या खेळपट्ट्यांवर नागपुरात कसोटी सामने खेळले जातात. फरक इतकाच की, तेथे माती कधी आणि किती फुटावी, हे माणसाला ठरविता येते. सारा वाद या ठरविण्याविषयी आहे.

बावीस यार्डांची ही पट्टी म्हणजे चिकणमातीचा दाबून बसविलेला थर. ती ओलसर असताना रोलर फिरविला की कण एकमेकांना घट्ट धरतात. गवताची मुळे त्यांना बांधून ठेवतात. सामन्याच्या चार दिवस आधी पाणी तोडले आणि गवत खरवडून काढले, तर पहिल्याच दुपारी वरचा पापुद्रा सुटू लागतो. गवत राखले आणि ओल ठेवली, तर वेगवान गोलंदाजांचे फावते. दोन्हींचा मेळ साधला की पहिल्या सकाळी वेगवान गोलंदाजाला, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फलंदाजाला आणि अखेरीस गोलंदाजांच्या पावलांनी माती उकरली गेल्यावर फिरकीला संधी मिळते. कसोटीला पाच दिवस दिले आहेत ते यासाठीच.

नागपूरने दोन्ही टोके पाहिली आहेत. २००४च्या ऑक्टोबरमध्ये सिव्हिल लाइन्सवरील जुन्या मैदानात ऑस्ट्रेलियाविरुद्ध हिरवी खेळपट्टी मिळाली. गिलेस्पीने नऊ बळी घेतले, भारत ३४२ धावांनी हरला आणि ऑस्ट्रेलियाने तब्बल ३५ वर्षांनी भारतात मालिका जिंकली. यजमानांनाच आपल्या घरात परके वाटावे, अशी तेव्हाची तक्रार होती. अकरा वर्षांनी, २०१५च्या नोव्हेंबरमध्ये, जामठ्याला दक्षिण आफ्रिकेचा पहिला डाव ७९ धावांत आटोपला. अश्विनने सामन्यात बारा बळी घेतले आणि भारताने तिसऱ्याच दिवशी १२४ धावांनी विजय मिळविला. त्या सामन्यात दोन्ही संघांतील एकालाही अर्धशतक करता आले नाही. सर्वांत मोठी खेळी मुरली विजयची, चाळीस धावांची! सामनाधिकारी जेफ क्रो यांनी खेळपट्टीला ‘निकृष्ट’ ठरविले आणि आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने ताकीद दिली. संघव्यवस्थापनाने तिचे समर्थन केले, ते स्वाभाविकच होते. जिंकणाऱ्याला खेळपट्टी कधीच वाईट दिसत नाही.

गवताळ खेळपट्टीवर कोणी बोलत नाही, धुळीवर मात्र सारे तुटून पडतात, असा युक्तिवाद आपल्याकडे नेहमी केला जातो. तो अगदीच खोटा नाही. २०२४च्या जानेवारीत केपटाउनला अवघ्या ६४२ चेंडूंत कसोटी संपली. निकाल लागलेला इतका छोटा सामना कसोटीच्या इतिहासात दुसरा नाही. तो भारताने जिंकला, आणि तरीही रोहित शर्माने भारतीय खेळपट्ट्यांना वेगळा न्याय का, असा प्रश्न विचारला. पण त्या खेळपट्टीलाही असमाधानकारक हाच शेरा मिळाला, हे सोयीस्करपणे विसरले जाते. आणि दुसऱ्याच्या दोषाने आपला दोष झाकला जात नाही, हे तर शाळेतल्या मुलालाही कळते.

खरे तर मुद्दा नीतीपेक्षा व्यवहाराचा अधिक आहे. चांगल्या खेळपट्टीवर बळी मिळविण्यासाठी अश्विन किंवा जडेजा यांच्यासारखी दीर्घ साधना लागते. पहिल्या दिवसापासून फुटणाऱ्या खेळपट्टीवर ती लागत नाही. तेथे सामान्य फिरकी गोलंदाजही श्रेष्ठांच्या पंक्तीला जाऊन बसतो. २०१७ साली पुण्यात स्टीव्ह ओकीफने दोन्ही डावांत ३५ धावांत सहा-सहा बळी घेतले. भारत १०५ आणि १०७ धावांत गारद झाला आणि ३३३ धावांनी हरला. २०२४ साली न्यूझीलंडने भारताला घरच्या मैदानांवर ३-० असे हरविले. त्यांपैकी पुण्यात सँटनरने तेरा, तर वानखेडेवर एजाज पटेलने अकरा बळी घेतले. २०२५च्या नोव्हेंबरमध्ये कोलकात्यात १२४ धावांचे लक्ष्य असताना भारत ९३ धावांत बाद झाला. बलवान संघाने स्वतः होऊन आपल्या आणि प्रतिस्पर्ध्याच्या मधले अंतर कमी करावे, याला डावपेच कसे म्हणायचे?

याचा भार तरुण फलंदाजांवरही पडतो. धीराने उभे राहण्याचे फळ मिळत नाही असे दिसले, की तो धीर शिकण्याची इच्छा कोणाला राहील? विदर्भाने याचे उलट उदाहरण घालून दिले आहे. २०२५च्या रणजी अंतिम सामन्यात जामठ्यालाच केरळविरुद्ध खेळ पाच दिवस चालला. विदर्भाने ३७९ धावा केल्या, केरळने ३४२ धावांपर्यंत झुंज दिली. दानिश मालेवारने पहिल्या डावात १५३, तर करुण नायरने दुसऱ्या डावात १३५ धावा काढल्या. फलंदाजांचा असा गौरव होत असतानाच त्या मोसमात विदर्भाचाच फिरकी गोलंदाज हर्ष दुबे ६९ बळी घेऊन विक्रम करीत होता. जामठ्याला चांगले क्रिकेट होऊ शकते, याला आणखी पुरावा नको.

प्रेक्षकांचा विचार तर कोणीच करीत नाही. वाशीम जिल्ह्यातून एस.टी.ने निघून नागपूर गाठायचे, तर दिवसाचा बराच भाग प्रवासात जातो. शनिवार-रविवार साधून चौथ्या दिवसाचे तिकीट काढणाऱ्या शिक्षकाला किंवा कारकुनाला तिसऱ्या संध्याकाळी सामना संपल्याची बातमी मिळावी, ही त्याची थट्टाच होय.

क्युरेटरवर खापर फोडणे सोपे आहे. पण त्याच्या कानात कोण काय सांगते, हे बाहेर येत नाही. तेव्हा नियामक मंडळाने निदान एवढे करावे: पाणी केव्हा तोडले, गवत किती राखले आणि रोलर किती फिरविला, याची नोंद सामन्याच्या आदल्या दिवशी दोन्ही संघांना आणि वृत्तपत्रांना द्यावी, आणि त्या नोंदीवर क्युरेटरच्या सहीशेजारी सूचना देणाऱ्याचीही सही असावी.