ईदची सुटी, हजारावरची मजुरी

ईदला सोलापुरातल्या सरकारी कचेऱ्या बंद असतात. पगारदाराचा पैसाही कापला जात नाही. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला 8 भरपगारी सुट्या आहेत. पैकी 4 मालक-कामगारांनी संमतीने ठरवायच्या. ईद त्यांत बसू शकते. जर्मनीतल्या हॅम्बुर्गने 2012 मध्ये मुस्लीम संघटनांशी करार करून ईदला रजेचा हक्क मान्य केला, पण ते तास भरून द्यायचे किंवा पगार सोडायचा. त्या मानाने आपला कायदा उदारच!

पण घरी विडी वळणाऱ्या बाईचे काय? 1966 च्या विडी कायद्याने तिलाही कामगार मानले, तरी मजुरी हजार विड्यांवरच. रोजा धरून ती सूप मांडीवर घेते. ईदला सूप बाजूला ठेवले, की त्या दिवसाचा हिशेब शून्य.